पाणवनस्पतींचे द्रवखत: बाटली निवडण्याआधी टाकीचा जमाखर्च

मत्स्यटाकीत पहिल्यांदाच वनस्पती लावल्या की महिन्याभरात एक प्रश्न हमखास उभा राहतो. जुनी पाने पिवळी पडू लागतात, नवे कोंब खुरटतात आणि कोणीतरी सुचवते की आता द्रवखत घाला. मग समोर बाटल्यांची रांग येते. एकीवर ‘संपूर्ण पोषण’ असे लिहिलेले असते, दुसरीवर फक्त ‘लोह’, तिसरीवर ‘पालाश’, चौथीवर ‘द्रव कार्बन’. एका लेबलवर नत्र आणि स्फुरद मुद्दाम वगळल्याचे ठळकपणे सांगितलेले असते, आणि शेजारच्याच बाटलीवर हेच दोन घटक भरपूर असल्याचे तितक्याच ठळकपणे नोंदवलेले असते. वाचणाऱ्याला वाटते की दोघांपैकी एक जण चुकतो आहे. प्रत्यक्षात दोन्ही लेबले खरी असू शकतात, कारण त्या बाटल्या दोन निरनिराळ्या टाक्यांसाठी तयार केलेल्या असतात. म्हणून कोणते खत चांगले हे विचारण्याआधी आपल्या टाकीत काय येते, काय खर्च होते आणि तो खर्च कोणत्या वेगाने होतो, हा हिशेब मांडावा लागतो. हिशेब मांडला की निवड बरीच सोपी होते.

वनस्पतीचे शरीर कशाचे बनते

एखादी वनस्पती पूर्ण वाळवून तिचे वजन केले, तर त्यातला सुमारे ४५ टक्के भाग कर्ब म्हणजे कार्बन असतो, जवळजवळ तेवढाच ऑक्सिजन असतो आणि सुमारे ६ टक्के हायड्रोजन असतो. हे तिन्ही घटक कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांतून मिळतात. खताच्या बाटलीशी त्यांचा संबंध नाही. उरलेल्या थोड्याशा भागात बाकीचे सगळे बसते. त्यात नत्र म्हणजे नायट्रोजन साधारण दीड टक्का, पालाश म्हणजे पोटॅशियम एक टक्का, कॅल्शियम अर्धा टक्का, मॅग्नेशियम आणि स्फुरद म्हणजे फॉस्फरस प्रत्येकी ०.२ टक्के आणि गंधक ०.१ टक्के असते. यांना मुख्य व दुय्यम अन्नद्रव्ये म्हणतात. त्याखाली सूक्ष्म अन्नद्रव्ये येतात: लोह, मंगल म्हणजे मँगनीज, बोरॉन, जस्त, तांबे, मॉलिब्डेनम, निकेल आणि क्लोरीन. एक किलो वाळलेल्या वनस्पतीत लोह १०० मिलिग्रॅमच्या आसपास असते, तर मॉलिब्डेनम अवघे ०.१ मिलिग्रॅम. हे आकडे सर्वसाधारण वनस्पतीचे आहेत आणि जातीनुसार त्यात पुष्कळ फरक पडतो, पण प्रमाणांचा अंदाज येण्यास ते पुरेसे आहेत.

गरज कितीही लहान असली तरी ती टाळता येत नाही. १९व्या शतकात कार्ल श्प्रेंगेल यांनी मांडलेला आणि युस्टुस फॉन लीबिग यांनी सर्वदूर नेलेला नियम असा आहे की, वनस्पतीची वाढ सर्वांत कमी पडणाऱ्या घटकाच्या मापानेच होते. त्यासाठी लाकडी पिंपाची उपमा दिली जाते. पिंपाच्या फळ्या कमीजास्त उंचीच्या असतील, तर पाणी सर्वांत आखूड फळीपर्यंतच भरता येते. बाकीच्या फळ्या उंच केल्याने पाण्याची पातळी तसूभरही वाढत नाही. खत निवडणे म्हणजे आपल्या पिंपाची आखूड फळी कोणती हे ओळखणे. ज्या टाकीत पालाश कमी पडतो आहे, तिथे लोहाची महागडी बाटली ओतून काहीही साधत नाही.

जमेची बाजू: टाकीत न घालता काय येते

बहुतेक जण हा भाग वगळून थेट बाटलीकडे जातात. माझ्या मते निवडीतली निम्मी चूक इथेच होते.

पहिली जमा माशांच्या खाद्यातून होते. खाद्यातल्या प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र असते. ४० टक्के प्रथिने असलेल्या एक ग्रॅम खाद्यात त्यामुळे सुमारे ६४ मिलिग्रॅम नत्र येते. मासे ते खातात, त्यांच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो आणि फिल्टरमधले जिवाणू त्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ६४ मिलिग्रॅम नत्रापासून जास्तीत जास्त २८० मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रेट बनू शकते. टाकीत १०० लिटर पाणी असेल आणि रोज अर्धा ग्रॅम खाद्य पडत असेल, तर आठवड्याला लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम नायट्रेट आपोआप जमा होण्याची शक्यता असते. काही भाग माशांच्या वाढीत आणि फिल्टरच्या गाळात अडकतो, पण आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. खाद्यातून स्फुरदही चांगल्यापैकी येतो. पालाश आणि लोह मात्र गरजेच्या मानाने फार थोडे येतात. भरपूर मासे आणि मोजक्या वनस्पती असलेल्या टाकीत आधी पालाश व लोह यांची टंचाई दिसते, आणि अशाच टाकीसाठी नत्र-स्फुरद वगळलेली बाटली बनवलेली असते.

दुसरी जमा पाण्यातून होते. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेले असतातच. आरओ यंत्रातून आलेल्या पाण्यात ते जवळजवळ नसतात, आणि बहुतेक ‘संपूर्ण’ द्रवखतांत कॅल्शियम घातलेले नसते, कारण दाट द्रावणात ते फॉस्फेट आणि सल्फेट यांच्याशी संयोग पावून तळाशी बसते. आरओचे पाणी वापरणाऱ्याने कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार वेगळे घालायला हवेत. ‘संपूर्ण’ या शब्दावर विसंबल्याने नेमकी ही उणीव राहून जाते.

तिसरी जमा तळातून होते. निव्वळ रेती काहीच देत नाही. वनस्पतींसाठी तयार केलेली पोषक माती सुरुवातीच्या आठवड्यांत बरेच नत्र सोडते, कधीकधी इतका अमोनिया सोडते की मासे लगेच सोडता येत नाहीत. अशी माती नवी असताना पाण्यात नत्राची जास्तीची मात्रा घालण्याची घाई करू नये. क्रिप्टोकोरिन आणि अमेझॉन स्वोर्ड यांसारख्या दाट मुळांच्या वनस्पती तळातून भरपूर अन्न उचलतात. रेतीत लावलेल्या असतील तर त्यांच्या मुळाशी खताच्या गोळ्या पुरणे द्रवखताइतकेच महत्त्वाचे ठरते. उलट अनुबियास, जावा फर्न आणि मॉस यांसारख्या लाकडाला वा दगडाला बांधलेल्या, तसेच तरंगणाऱ्या वनस्पतींना पाण्याखेरीज दुसरा आधार नसतो. त्यांच्यासाठी द्रवखत हाच जवळजवळ एकमेव मार्ग आहे.

खर्चाचा वेग कोण ठरवते

एका बांधकामाची कल्पना करा. उजेड म्हणजे गवंडी, कार्बन डायऑक्साइड म्हणजे विटा आणि खत म्हणजे सिमेंट. गवंडी एकच असेल आणि विटा तुरळक येत असतील, तर सिमेंटची चार पोती रचून ठेवल्याने भिंत लवकर उठणार नाही. गवंडी दहा असतील आणि विटांचे ढीग पडलेले असतील, तर मात्र एक पोते दुपारपर्यंतही पुरणार नाही.

पाण्याखाली विटांचीच टंचाई असते. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतो, आणि पाण्यातून तो हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. म्हणून काही जण सिलिंडरमधून हा वायू सोडतात आणि पाण्यात लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आसपास पातळी राखण्याचा प्रयत्न करतात. अशा टाकीत प्रखर उजेडाखाली रोटालासारख्या खोडाच्या वनस्पती आठवड्याला वीतभर वाढू शकतात, आणि त्यांचा नत्र-पालाशाचा खर्च वायू न सोडलेल्या, मंद उजेडाच्या टाकीपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. खताची मात्रा ठरवताना टाकीच्या आकाराइतकाच, किंबहुना अधिक, हा वेग पाहावा लागतो. एकाच आकाराच्या दोन टाक्यांना एकच मात्रा सांगणारे लेबल म्हणूनच केवळ सुरुवातीचा अंदाज देते.

बाटल्यांचे तीन वर्ग

इतका हिशेब झाला की बाटल्यांची ती लांब रांग तीन वर्गांत बसते. पहिल्या वर्गात सूक्ष्म अन्नद्रव्ये आणि बहुधा थोडा पालाश व मॅग्नेशियम असते. नत्र-स्फुरद नसतात किंवा नावापुरते असतात. दुसऱ्या वर्गात हे सगळे आणि शिवाय नत्र व स्फुरद असते. तिसऱ्या वर्गात एकेक घटक वेगळा मिळतो: फक्त पालाश, फक्त नत्र, फक्त स्फुरद, फक्त लोह. ट्रॉपिका ही डॅनिश कंपनी पहिल्या दोन वर्गांच्या दोन वेगळ्या बाटल्या विकते, आणि त्यांतली एक दुसरीची ‘सुधारित आवृत्ती’ नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मासे पुष्कळ, वनस्पती मोजक्या आणि वाढ सावकाश असेल तर पहिला वर्ग घ्यावा. वनस्पती दाट, मासे थोडे, किंवा कार्बन डायऑक्साइड सोडलेला असेल तर दुसरा. तिसरा वर्ग ज्याला आपल्या टाकीची आखूड फळी नक्की कळली आहे, त्याच्यासाठी. नवख्याने चार वेगळ्या बाटल्या घेऊन सुरुवात करू नये असे मला ठामपणे वाटते. चार घटक एकाच वेळी बदलले की कोणत्या बदलाने काय झाले हे कधीच समजत नाही.

लेबल वाचण्याची रीत

लेबलवरच्या टक्केवारीत दोन खाचा आहेत. पहिली म्हणजे, खतांच्या जुन्या प्रघाताप्रमाणे स्फुरद आणि पालाश यांची टक्केवारी पुष्कळदा त्यांच्या ऑक्साइडच्या रूपात दिलेली असते. पालाशाच्या ऑक्साइडचा आकडा ०.८३ ने गुणला की खरे पोटॅशियम मिळते, आणि स्फुरदाच्या ऑक्साइडचा आकडा ०.४४ ने गुणला की खरा फॉस्फरस. दुसरी खाच नत्राची. लेबलवर नत्र लिहिलेले असते, तर पाणी तपासण्याच्या संचात आणि शौकिनांच्या बोलण्यात नायट्रेट असते. नत्राचा आकडा ४.४३ ने गुणला की नायट्रेट मिळते. फॉस्फरसचे फॉस्फेट करण्यासाठी ३.०७ ने गुणावे.

आता एक साधा हिशेब करू. द्रावणाच्या एका मिलिलिटरचे वजन ढोबळमानाने एक ग्रॅम धरले, तर एक टक्का म्हणजे मिलिलिटरमागे १० मिलिग्रॅम. समजा लेबलवर नत्र ०.५ टक्के आहे. एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम नत्र, म्हणजे सुमारे २२ मिलिग्रॅम नायट्रेट. ते १०० लिटर पाण्यात घातले की पातळी लिटरमागे ०.२२ मिलिग्रॅमने वाढते. आठवड्याला १० मिलिग्रॅम हवे असतील तर त्या बाटलीतून ४५ मिलिलिटर लागतील, आणि अर्ध्या लिटरची बाटली अकरा आठवड्यांत संपेल.

हाच हिशेब दोन बाटल्यांची तुलना करण्यासही उपयोगी पडतो. एक बाटली ५०० मिलिलिटरची आहे आणि तिच्यात नत्र ०.२ टक्के आहे. दुसरी २५० मिलिलिटरची आहे आणि तिच्यात १.५ टक्के. पहिलीत एकूण १,००० मिलिग्रॅम नत्र आहे, दुसरीत ३,७५०. निम्म्या आकाराच्या बाटलीत जवळजवळ चौपट माल आहे. किमतीची तुलना बाटलीच्या आकारावरून करू नये. एका मिलिग्रॅम नत्राला किंवा पालाशाला किती पैसे पडतात यावरून करावी. ज्या बाटलीवर घटकांची टक्केवारीच दिलेली नाही, ती घेऊ नये. आपण काय घालतो आहोत हे कळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नसतो.

टाकीतले पाणीही खरे मोजावे. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३६ उंच टाकीचे घनफळ ६४.८ लिटर येते, पण तळाची माती, दगड, लाकूड आणि वरची रिकामी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी बहुधा ५० ते ५५ लिटरच भरते.

लोह इतके नाजूक का असते

लोहाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण बाटल्यांमधला खरा गुणवत्तेचा फरक बहुधा इथेच असतो. साधे लोह पाण्यात फार काळ विरघळलेले राहत नाही. ऑक्सिजनशी संयोग होऊन ते गंजासारख्या अविद्राव्य रूपात जाते, किंवा फॉस्फेटशी जोडले जाऊन खाली बसते. वनस्पतीच्या दृष्टीने ते असून नसल्यासारखेच. हे टाळण्यासाठी लोहाचा अणू एखाद्या सेंद्रिय रेणूच्या पकडीत ठेवतात. खेकड्याने नांगीत दाणा धरावा तशी ही पकड असते, आणि अशा संयुगाला चिलेट म्हणतात.

सगळ्या चिलेटांची पकड सारखी नसते, आणि ती कधी सुटेल हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, अवलंबून असते. ईडीटीए या चिलेटने धरलेले लोह सामू साधारण ६.५ च्या वर गेला की निसटू लागते. डीटीपीएची पकड ७.५ च्या आसपासपर्यंत टिकते. ईडीडीएचए ही त्याहून पुष्कळ भक्कम, सामू ९ असतानाही टिकणारी. पण तिचा रंग लालसर असल्याने पाण्याला गुलाबी छटा येऊ शकते. लोह ग्लुकोनेट हा सैल पकडीचा प्रकार आहे: वनस्पतीला ते चटकन मिळते, पण पाण्यात फार टिकत नाही, म्हणून थोडे थोडे वारंवार घालावे लागते. ज्याच्या पाण्याचा सामू ७.५ किंवा अधिक आहे, त्याने केवळ ईडीटीए असलेली बाटली घेतल्यास लेबलवरचा लोहाचा आकडा कितीही मोठा असला तरी त्याचा फायदा थोडाच वेळ टिकतो. लेबलवर चिलेटचे नाव शोधण्याचा एवढा आग्रह त्यासाठीच.

एकाच बाटलीत लोह आणि फॉस्फेट दोन्ही असतात, मग ती बिघडत कशी नाही, ही शंका रास्त आहे. उत्पादक द्रावण आम्लधर्मी ठेवतात आणि चिलेट वापरतात, त्यामुळे बाटलीत ते टिकते. स्वतः सुक्या क्षारांपासून द्रावण बनवणारे मुख्य अन्नद्रव्ये एका दिवशी आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये दुसऱ्या दिवशी घालतात, त्यामागेही हेच कारण आहे. बाटलीच्या तळाशी पांढुरका किंवा पिवळसर गाळ बसला आणि हलवूनही विरघळला नाही, तर आतले काही अन्न निकामी झाले असे समजावे.

‘खत घातले की शेवाळ वाढते’ या आक्षेपाबद्दल

हा आक्षेप निराधार नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात प्रयोगांसाठी राखून ठेवलेल्या सरोवरांपैकी २२६ क्रमांकाचे सरोवर १९७३ साली पडद्याने दुभागण्यात आले. एका भागात कर्ब आणि नत्र घातले. दुसऱ्या भागात त्यांच्या जोडीला स्फुरद घातला. स्फुरद घातलेला भाग शेवाळाने हिरवागार झाला. डेव्हिड शिंडलर यांच्या या कामामुळे सांडपाण्यातला स्फुरद रोखण्याच्या प्रयत्नांना मोठे बळ मिळाले.

मत्स्यटाकीच्या शौकिनांनीही हाच धडा उचलला. १९९६ साली पॉल सीअर्स आणि केव्हिन कॉन्लिन यांनी मांडलेल्या खतपद्धतीत नत्र, पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये घालायची आणि स्फुरद टंचाईत ठेवायचा, म्हणजे वनस्पती शेवाळावर मात करतील, असा विचार होता. पुढे टॉम बार यांनी आणि इतरांनी भरपूर फॉस्फेट घालून पाहिले आणि निरोगी, दाट वनस्पती असलेल्या टाकीत त्यामुळे शेवाळ माजत नाही असा अनुभव नोंदवला.

सरोवर आणि टाकी यांत फरक का पडतो? शेवाळाची गरज अतिशय थोडी असते. स्वच्छ सरोवरात स्फुरद तेवढाही नसतो, म्हणून थोडी भर पडताच उद्रेक होतो. मासे असलेल्या टाकीत मात्र खाद्यातून आलेला स्फुरद शेवाळाला पुरून उरेल इतका आधीच असतो. बाटलीतला स्फुरद रोखल्याने शेवाळ उपाशी राहत नाही. ज्यांची गरज मोठी आहे त्या वनस्पतीच उपाशी राहतात. उपाशी वनस्पतीची पाने कुजू लागतात, त्यांतून अमोनिया आणि सेंद्रिय द्रव्ये झिरपतात, आणि शेवाळाला बसायला दुबळे पान व खायला अन्न दोन्ही मिळते.

तरीही आक्षेप घेणाऱ्याला दिसलेले शेवाळ खरे असते. पाच-सहा काड्या लावलेल्या टाकीत दहा तास प्रखर उजेड आणि लेबलवरची पूर्ण मात्रा दिली, तर ते अन्न वापरणारे कोणी नसते. तिथे आधी उजेडाचा काळ सहा-सात तासांवर आणावा, भरभर वाढणाऱ्या वनस्पती लावाव्यात आणि खत पाव मात्रेपासून सुरू करावे.

‘द्रव कार्बन’ हे खत आहे का

या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक बाटल्यांत ग्लुटाराल्डिहाइड किंवा त्याचेच एखादे रूप असते. हे रसायन वैद्यकीय उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी वापरले जाते. टाकीत ते शेवाळ मारते, आणि शेवाळ गेल्यावर वनस्पती तरारतात. त्यातून होणारा कार्बनचा पुरवठा सोडलेल्या वायूची जागा घेऊ शकत नाही. व्हॅलिस्नेरिया, एजेरिया आणि काही मॉस यांना ते सोसत नाही. व्हॅलिस्नेरियाची लांब पाने दोन दिवसांत पारदर्शक होऊन वितळताना मी पाहिली आहेत, आणि तेव्हापासून नावात ‘कार्बन’ असलेली बाटली मी खतांच्या फळीवर ठेवत नाही. ते त्वचेला, डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला त्रासदायक असते. वापरायचे असेल तर हातमोजे घालावेत, मात्रा काटेकोर मोजावी आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये.

कोळंबी आणि तांबे

शोभेची कोळंबी पाळणारे लेबलवर तांबे दिसताच बाटली परत ठेवतात. भीतीचे मूळ खरे आहे. तांबे कोळंबीला विषारी असते. प्रश्न मात्रेचा आहे. लेबलवर तांबे ०.००१ टक्के असेल, तर १०० लिटरमध्ये १० मिलिलिटर खत घातल्यावर पातळी लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅमने वाढते. माशांच्या परजीवींवर दिल्या जाणाऱ्या तांब्याच्या औषधाची पातळी ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम असते, म्हणजे दीडशे ते दोनशे पट. कोळंबीच्या रक्तातल्या ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रथिनातही तांबेच असते. लेबलप्रमाणे मात्रा दिली आणि पाणी नियमित बदलले, तर मत्स्यटाकीसाठीचे खत कोळंबीला सहसा बाधत नाही. दुप्पट-तिप्पट मात्रेचे प्रयोग मात्र तिच्या टाकीत करू नयेत.

कुंडीतल्या झाडांचे खत का चालत नाही

कुंडीतल्या झाडांच्या खतांत नत्र बहुधा युरिया किंवा अमोनियमच्या रूपात असते. मातीत ते हळूहळू पचते. टाकीत युरियापासून अमोनिया बनतो, आणि अमोनियाचा माशांना विषारी असलेला हिस्सा सामूबरोबर झपाट्याने वाढतो: २५ अंश तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियाच्या सुमारे अर्धा टक्का, ८ असताना सुमारे ५ टक्के, आणि ९ असताना एक-तृतीयांशाहून अधिक. मत्स्यटाकीच्या काही चांगल्या खतांतही युरिया किंवा अमोनियम असते, पण मोजकेच, आणि वनस्पती ते चटकन उचलतील या हिशेबाने. मासे असलेल्या, विरळ वनस्पतींच्या टाकीत नायट्रेटच्या रूपातले नत्र अधिक सुरक्षित.

सुके क्षार विकत घेऊन घरी द्रावण बनवणे मात्र अगदी शक्य आहे आणि स्वस्तही पडते. शुद्ध पोटॅशियम नायट्रेटमध्ये वजनाने ६१ टक्के नायट्रेट आणि ३९ टक्के पोटॅशियम असते. १०० लिटर पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट हवे असेल तर १.६ ग्रॅम पुरते, आणि त्यासोबत लिटरमागे सुमारे ६ मिलिग्रॅम पोटॅशियमही मिळते.

खत साठत जाते का

साठते, पण अमर्याद साठत नाही. वनस्पतींनी काहीच घेतले नाही असे क्षणभर समजू. दर आठवड्याला लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट घातले आणि दर आठवड्याला निम्मे पाणी बदलले, तर पातळी कधीही २० मिलिग्रॅमच्या वर जाऊ शकत नाही. एक-चतुर्थांश पाणी बदलले तर कमाल मर्यादा ४० होते. एक-दशांश बदलले तर १००. आठवड्याची मात्रा भागिले बदललेल्या पाण्याचा अंश, इतके हे सोपे सूत्र आहे. टॉम बार यांची पद्धत याच गणितावर उभी आहे: वनस्पतींना कधीच कमी पडणार नाही इतके घालायचे आणि आठवड्याला निम्मे पाणी बदलून साठा आटोक्यात ठेवायचा. तिथे नायट्रेट साधारण ५ ते ३०, पालाश १० ते ३०, फॉस्फेट १ ते ३ आणि लोह ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम असा पल्ला धरलेला असतो. हे आकडे प्रखर उजेड आणि कार्बन डायऑक्साइड असलेल्या टाकीचे आहेत. मंद उजेडाच्या, वायू नसलेल्या टाकीने त्यांची नक्कल करू नये. तिला त्याचा लहानसा अंश पुरतो. पाणी क्वचित बदलणाऱ्यानेही मात्रा त्याच सूत्राने खाली आणावी.

पाने काय सांगतात

बाटली निवडून मात्रा सुरू झाल्यावर ती बरोबर आहे की नाही, हे पानांवरूनच ठरवायचे असते. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम हे वनस्पतीच्या शरीरात हलवता येणारे घटक आहेत. कमी पडले की वनस्पती ते जुन्या पानांतून काढून नव्या कोंबाला देते, म्हणून टंचाई आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसते. जुने पान सगळेच फिकट पिवळे होत असेल तर नत्राचा संशय घ्यावा. जुन्या पानावर टाचणीने टोचल्यासारखी भोके पडून ती मोठी होत असतील तर पालाशाचा. लोह, कॅल्शियम आणि बोरॉन एकदा बसले की सहसा हलत नाहीत, त्यामुळे त्यांची उणीव नव्या पानांवर उमटते. नवे पान शिरा हिरव्या ठेवून मधल्या भागात पिवळे-पांढरे निघाले तर लोह कमी आहे किंवा चिलेट सामूला टिकत नाही. नवे पान वाकडे, चुरगळलेले निघाले तर कॅल्शियम पाहावे.

एका फसव्या लक्षणाची आधीच कल्पना असलेली बरी. रोपवाटिकेत अनेक पाणवनस्पती पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. त्या टाकीत बुडवल्या की हवेतली जुनी पाने गळून पडतात आणि पाण्याखालची निराळ्या आकाराची पाने फुटतात. क्रिप्टोकोरिन तर नुसती जागा बदलली तरी पाने टाकते. ही खताची टंचाई नसते, आणि या काळात मात्रा वाढवल्याने फक्त शेवाळाची सोय होते.

खतात बदल केल्यावर किमान दोन ते तीन आठवडे दुसरे काही बदलू नये. जुन्या पानावर पडलेले भोक बुजत नाही आणि पिवळे पडलेले पान सहसा पूर्वीसारखे होत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे पाहून निष्कर्ष काढता येत नाही. बदल केल्याच्या दिवशी एखाद्या खोडाच्या वरच्या टोकाला सैल दोरा बांधून ठेवावा आणि त्या दोऱ्याच्या वर नंतर फुटलेली पानेच तपासावीत.